वजन उतरवायचं, पण कुणाच्या देखरेखीखाली?

मधुमेह आणि वजन या विषयावर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रं इतकी आली की सगळी छापणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. एक पत्र मात्र रांग मोडून आधी घेते, कारण बाकीची थांबू शकतात, हे थांबू शकत नाही.

माझ्या वडिलांचं वय ६८, बारा वर्षांपासून मधुमेह. गेल्या चार महिन्यांत त्यांचं वजन ७१ किलोवरून ६३ वर आलं. खाण्यात काही बदल नाही, व्यायाम नाही. तहान लागते, रात्री चार-पाच वेळा उठतात. घरात सगळे म्हणतात, बरं झालं, डॉक्टर वजन कमी करायलाच सांगत होते. मला मात्र ते दमलेले वाटतात. – एक मुलगी, बार्शी

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. वजन कमी करायला सांगणं वेगळं आणि न सांगता वजन उतरणं वेगळं. ७१ मधले ८ किलो म्हणजे शरीराचा नववा हिस्सा गेला. रक्तातली साखर पेशींना वापरता येत नाही, लघवीवाटे वाहून जाते, आणि शरीर आपलेच स्नायू आणि चरबी जाळू लागतं, तेव्हा असं होतं. बारा वर्षांनंतर वडिलांचं स्वतःचं इन्शुलिन पुरेनासं झालं असेल तर त्यांना बाहेरून इन्शुलिन लागेल, आणि ते सुरू झालं की आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस पुन्हा तरतरीत दिसू लागतो. पण तेवढ्यावर थांबू नका. मधुमेहींना क्षयरोगाचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो, आणि खोकला नसला तरी क्षय असू शकतो. थायरॉइड, स्वादुपिंडाचे आजार, कर्करोग हेही तपासून बाजूला काढावे लागतात.

याच आठवड्यात त्यांना घेऊन जा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी), लघवीतले कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं), छातीचा एक्स-रे. क्षयाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. मध्येच उलट्या, पोटात दुखणं, धाप किंवा गुंगी आली तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, सकाळची वाट बघू नका.

वय ४४, बँकेत नोकरी. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. तीन वर्षांपासून मधुमेह, एचबीएवनसी ७.९. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. एका ऑनलाइन कार्यक्रमाची जाहिरात पाहिली. नव्वद दिवसांत मधुमेहमुक्ती, गोळ्या बंद, फी ४५ हजार. पहिल्या आठवड्यापासून जेवण निम्म्यावर आणतात. मित्राने केला, त्याची साखर नॉर्मल आली. पैसे भरू का? – एक वाचक, सोलापूर

आधी गोळीचं बोलू, पैशांचं नंतर.

नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर जेवण कमी केल्यावर साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. जेवण निम्मं आणि गोळी पूर्ण, म्हणजे दुपारी काउंटरवर बसल्या जागी घाम फुटणार, हात थरथरणार, समोरचे आकडे दिसेनासे होणार. असे पेशंट माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांनी आपण डाएट सुरू केलंय हे त्यांच्या डॉक्टरांना सांगितलेलं नसतं. तेव्हा हा कार्यक्रम करा नाहीतर दुसरा, सुरू करण्याआधी डॉक्टरांसमोर बसून विचारा, ‘सोमवारपासून मी जेवण इतकं कमी करणार आहे, कुठली गोळी किती कमी करू?’ इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय एक घासही कमी करू नये. आणि ज्यांच्या गोळीचं नाव ‘फ्लोझिन’ने संपतं, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, त्यांनी भात-पोळी एकदम बंद करू नये, कडक उपासही करू नयेत. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन वाढतात, आणि मळमळ, पोटदुखी, धाप लागून माणूस अतिदक्षता विभागात पोचतो.

आता मधुमेहमुक्ती. हा शब्द ज्या संशोधनाच्या जिवावर विकला जातो ते खरं आहे आणि चांगलं आहे, म्हणून ते नीट सांगते. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास केला, त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ च्या डिसेंबरात आले. सुमारे ३०० माणसं, सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्शुलिन कुणालाच नाही. निम्म्या लोकांना तीन ते पाच महिने फक्त सूप आणि शेक दिले, रोजचे उष्मांक ८२५ ते ८५३. मग हळूहळू साधं जेवण, आणि त्यानंतर दर महिन्याला भेट. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या, पण त्या नेहमीच्या दवाखान्यातच, देखरेखीखाली.

वर्षाअखेरीस या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता, नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या दुसऱ्या गटात ४ टक्के. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी. ५ ते १० किलो उतरवलेल्यांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के होतं, १० ते १५ किलोवाल्यांमध्ये ५७, आणि १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांमध्ये ८६. ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात एकही नाही. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी बाहेर पडली की इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागतात, असं टेलर यांनी दाखवलं. म्हणजे वजन उतरवणं हा औषधासारखाच उपचार आहे. त्याला मात्रा आहे, दुष्परिणाम आहेत, आणि तो सोडला की आजार परत येतो.

शेवटचं मुद्दाम लिहिलं. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले होते. पाच वर्षं ज्यांचा पाठपुरावा चालू राहिला त्यांच्यात रेमिशन, म्हणजे गोळ्यांशिवाय मधुमेह आटोक्यात राहणं, टिकलं होतं १३ टक्क्यांचं. जाहिरातीत पहिला आकडा येतो, हा येत नाही. मी तो निराश करायला सांगत नाही. उरलेल्यांचंही वजन सुरुवातीपेक्षा कमी राहिलं, गोळ्या कमी लागल्या. पण नव्वद दिवसांनी जो कार्यक्रम संपतो, तो नेमका अवघड भाग सुरू होताना तुम्हाला एकटं सोडतो.

म्हणून पैसे भरण्याआधी त्यांना विचारा. माझ्या गोळ्या कोण बदलणार, त्यांची पदवी काय, रात्री नऊला साखर ६० आली तर फोन कोण उचलणार? सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घेता का? (साखर फार झपाट्याने उतरली तर पडद्याचा जुना त्रास काही काळ वाढू शकतो, म्हणून हे आधी बघायचं असतं. पित्ताशयात खडेही झपाट्याने वजन उतरताना होतात.) आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी मला कोण भेटणार? या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पैसे भरू नका. त्याच पैशांत वर्षभर दर महिन्याला समोर बसून बोलणारा आहारतज्ज्ञ मिळेल, साखर तपासायचं मशीन आणि पट्ट्या येतील, वर काही उरेल.

घाई करताय ते मात्र योग्यच आहे. मधुमेह तीन वर्षांचा आहे, इन्शुलिन नाही, वजन उतरवायला जागा आहे. असेच लोक ‘डायरेक्ट’मध्ये होते. सहा महिन्यांत ८४ चे ७६ करा, मग डॉक्टरांशी बोलून ७० कडे जाऊ. सूप-शेक लागतीलच असं नाही. आणि मित्राला माझ्याकडून विचारा, गोळ्या बंद करून किती महिने झाले? गोळ्यांशिवाय निदान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला रेमिशन म्हणायचं, आणि त्यानंतरही दर वर्षी डोळे, मूत्रपिंड, पाय तपासायचेच.

वय ५१. घरात सात माणसं, स्वयंपाक मीच करते. वजन ७८, उंची १५४. आहारतज्ज्ञांनी छापील तक्ता दिला, त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. ते आमच्याकडे होणार नाही. भाकरी कितीही चालते असं शेजारी म्हणतात, म्हणून पोळी सोडून तीन-तीन भाकऱ्या खाते. सगळ्यांचं झाल्यावर जेवते, उरलेला भात टाकवत नाही. महिन्याला आठ लिटर तेल लागतं. शिवाय दोन्ही एकादश्या, सोमवार आणि चतुर्थीचा उपवास. वजन हलत नाही. – एक गृहिणी, पंढरपूर

ताई, तुम्ही तेलाचा आकडा लिहिलात याचा फार आनंद झाला. तो सहसा कुणी सांगत नाही, मला पेशंटना ‘पुढच्या वेळी डबा घेऊन या’ असं म्हणावं लागतं.

हिशोब करू. आठ लिटर, सात माणसं, तीस दिवस. माणशी रोज ३८ मिली, म्हणजे नुसत्या तेलातून तीनशेच्या वर उष्मांक. पाच लिटरवर आणलंत तर प्रत्येकाचे रोज शंभरावर उष्मांक कमी होतील, एकही भाकरी न कमी करता, आणि घरातल्या साती जणांचे. फोडणी पळीने न घालता चमच्याने मोजून घाला. महिन्याच्या पहिल्या तारखेला पाच लिटर काढून ठेवा, तेवढ्यात महिना भागवायचा. त्यानंतर बघा दाण्याच्या कुटाकडे. मूठभर कूट, तीसेक ग्रॅम, १७० उष्मांक. दाणा वाईट नाही, पण आपण तो भाजीत, कोशिंबिरीत, आमटीत, चटणीत असा चारही ठिकाणी घालतो.

भाकरी कितीही चालते हे खरं नाही. ज्वारीत तंतू जास्त, पोट भरल्यासारखं वाटतं, हे फायदे आहेत. पण मोठ्या भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ जातं, म्हणजे दोनशे उष्मांक, आणि ते बहुतेक पिष्टातूनच येतात. जेवणाला एक भाकरी घ्या. तिच्याबरोबर वाटीभर उसळ, रस्सा नव्हे, उसळ: मटकी, मूग, चवळी, हरभरा, कुळीथ, जे असेल ते. दोन वाट्या पालेभाजी किंवा दोडका-दुधी-गवार. ताक. चालत असतील तर अंडी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या मधुमेह सर्वेक्षणातल्या अठरा हजार लोकांच्या आहारावरून शास्त्रज्ञांनी गणित मांडलं होतं. मधुमेह मागे हटायचा असेल तर पिष्टमय पदार्थांतून येणारे उष्मांक निम्म्याच्या आसपास, ४९ ते ५४ टक्के, आणि प्रथिनांतून येणारे १९ ते २० टक्क्यांपर्यंत न्यावेत, असं त्यातून निघालं. आपल्या ताटात पिष्टमय भाग साठ टक्क्यांच्या वर असतो. मी सांगितलेलं ताट या आकड्यांच्या बरंच जवळ जातं, आणि त्यात बाजारातून नवीन काहीही आणायचं नाही. छापील तक्ता वाईट हेतूने दिलेला नसतो, पण तक्ता देऊन ‘तीन महिन्यांनी या’ म्हणणं हा कार्यक्रम नव्हे. तुमच्या घरी काय शिजतं हे विचारणारा माणूस हवा. पुढच्या भेटीला आठवड्याचं खाणं जसंच्या तसं वहीत लिहून न्या आणि ‘यातच बदल सांगा’ म्हणा.

उपवासाचं. तुमच्या मोजणीने महिन्यात सात-आठ दिवस साबुदाणा होतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मध्यम ताटलीभर खिचडीत साबुदाणा, कूट, तूप, बटाटा मिळून पाचशेच्या आसपास उष्मांक जातात, वर रात्री वरी आणि शेंगदाण्याची आमटी. श्रद्धेबद्दल मी काही सुचवणार नाही. पण उपवासाला दही, ताक, काकडी, लाल भोपळ्याचं भरीत, थोडे भाजलेले दाणे, एखादा पेरू चालतो ना? साबुदाणा फक्त मोठ्या एकादशीला, तोही छोटी वाटी. निर्जळी नको. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन असेल तर उपवासाच्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्या.

आता उरलेला भात. यापुढचं ताईंच्या घरातल्यांनी वाचावं. माझ्याकडे पुरुष पेशंट येतो तेव्हा बायको सोबत येते, वही काढते, कुठली भाजी, किती तेल, सगळं लिहून घेते. सहा महिन्यांत त्याचं वजन उतरतं. बाई पेशंट असते तेव्हा ती बहुतेक एकटी येते. सगळ्यांना वाढून झाल्यावर दुपारी तीनला जेवते, ताटं पुसून घेते, आणि तिचं वजन उतरलं नाही की तिलाच बोल लागतात. तुमच्या घरात मधुमेह आहे आणि तो स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला आहे. तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं गेलं पाहिजे. भात मोजून लावला पाहिजे, उरला तर सकाळी फोडणीचा करून सगळ्यांनी वाटून खायचा. आणि पुढच्या तपासणीला कुणीतरी तिच्याबरोबर जायचं.

ताई, तुमचं पहिलं लक्ष्य ७४. चार किलो, म्हणजे पाच टक्के. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाब हलतात. तिथं पोचलात की मला लिहा.

मी लठ्ठ नाही. उंची १६७, वजन ६२, तरी डॉक्टर म्हणतात पोट कमी करा. घेर ९५ सेंटिमीटर आहे. मधुमेह पाच वर्षांपासून. बारीक माणसाने वजन काय कमी करायचं? – निवृत्त शिक्षक, लांजा

गुरुजी, तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.२ येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो आला. शेजारी उभे आहेत लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी दडलेली असते, हे याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांपर्यंत मागे जाऊन दाखवलं. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. पुरुषांच्या पोटाचा घेर ९० च्या आत हवा, बायकांचा ८० च्या. तुमचा पाचने जास्त आहे.

न्यूकॅसलच्याच गटाने फार लठ्ठ नसलेल्या, बीएमआय २७ च्या आतल्या २० मधुमेहींवर छोटा अभ्यास केला. त्यातल्या १४ जणांचा मधुमेह मागे हटला, आणि त्यासाठी साधारण साडेसहा टक्के वजन पुरलं. तुमच्या बाबतीत ते होतं चार किलो. पण एकट्या उपासाने ते उतरवू नका, स्नायू जातील. प्रथिनं वाढवा आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम करा. आणि एक तपासणी विचारून घ्या. घेर कमी करूनही साखर चढीच राहिली, गोळ्या वाढतच गेल्या, तर सी-पेप्टाइड करून स्वतःचं इन्शुलिन किती उरलंय ते बघावं लागतं. तेच कमी असेल तर वजन उतरवणं हा तुमचा उपचार नाही.

गुडघे दुखतात, चालवत नाही. मग व्यायाम कसा करायचा? – वय ६३, नागपूर

खुर्चीत बसून हात न टेकता उठा, पुन्हा बसा. सुरुवातीला पाच वेळा, जमेल तसं वाढवा. भिंतीला हात लावून पुढे झुकणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, बसल्या जागी पाय सरळ करून धरणं. स्नायू वापरले गेले की साखर वापरली जाते, ते पायांचेच असायला हवेत असं नाही. जेवणानंतर घरातल्या घरात दहा मिनिटं हळूहळू फिरा, त्या वेळेची साखर त्याने खाली येते. आणि धीर धरा. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पायाला जखम असेल किंवा तळव्यांना संवेदना नसेल तर मात्र आधी पाय दाखवून घ्या.

नवीन इंजेक्शनने वजन झपाट्याने उतरतं, मग पथ्य कशाला? – वय ३९, पुणे

टिर्झेपटाइड २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये. औषधं प्रभावी आहेत, मी स्वतः काही पेशंटना देते. मधुमेहींमध्ये टिर्झेपटाइडने दीडेक वर्षात सरासरी १३ ते १५ टक्के वजन उतरलेलं अभ्यासात दिसलं. पण त्या अभ्यासांत आहार आणि व्यायाम बरोबरीने होताच. भूक मेल्यामुळे लोक दोन बिस्किटं आणि चहावर दिवस काढतात, तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात विशिष्ट प्रकारचा थायरॉइड कर्करोग असेल तर हे औषध घेऊ नये. चिठ्ठीशिवाय, ओळखीतून, ऑनलाइन मागवून मुळीच टोचू नका.

वय ५३, म्हापसा. मधुमेह सात वर्षं. आठ महिन्यांत ९१ वरून ८३ झालो. एचबीएवनसी ८.४ वरून ७.० आलं, एक गोळी कमी झाली. पण तीन महिने काटा तिथंच, गेल्या महिन्यात अर्धा किलो वाढलं. भात निम्मा केलाय, रोज चालतो. शनिवार-रविवार मित्रांबरोबर बिअर होते. हे सगळं फुकट गेलं असं वाटतं. सोडून देऊ का?

सोडू नका. तुम्ही कुठं उभे आहात ते सांगते.

अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाचा अभ्यास झाला, ५,१४५ मधुमेही, जवळजवळ दहा वर्षं. जीवनशैलीच्या कार्यक्रमावर इतका मोठा, इतका लांब अभ्यास मधुमेहींमध्ये दुसरा नाही. प्रशिक्षित माणसं, सुरुवातीला दर आठवड्याला गटाची बैठक, मोजून जेवण, आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम. इतकं सगळं करून पहिल्या वर्षाअखेर सरासरी वजन उतरलं ८.६ टक्के. तुमचं आठ महिन्यांत ८.८ टक्के उतरलंय, आणि तुमच्यामागे एवढी फौज नव्हती.

पुढे काय झालं तेही ऐका. त्या लोकांचंही वजन थोडं परत चढलं. आठ वर्षांनी निम्म्या लोकांनी निदान पाच टक्के घट टिकवली होती. हृदयविकाराचे झटके कमी होतील ही मुख्य आशा फळली नाही, म्हणून २०१२ मध्ये अभ्यास थांबवला. पण त्या लोकांना औषधं कमी लागली, मूत्रपिंडाचा गंभीर आजार कमी झाला, झोपेत श्वास अडकणं कमी झालं, हिंडण्या-फिरण्याची ताकद टिकली. हे सगळं अर्धा किलो वर-खाली होत असतानाच मिळालं. गोव्यात तर हे प्रत्येकाला सांगायला हवं. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यातच होतं, २६.४ टक्के.

काटा का थांबला? ८३ किलोच्या शरीराला ९१ किलोच्या शरीरापेक्षा कमी अन्न लागतं. जे जेवण आठ महिन्यांपूर्वी कमी पडत होतं, ते आता पुरतं. शिवाय वजन उतरल्यावर भूक वाढते, हा मनाचा कमकुवतपणा नाही, शरीराचा स्वभाव आहे. तेव्हा आता दोन महिने वजन उतरवायचं नाही, ८३ धरून ठेवायचं. आठवड्याला एकदाच, ठरलेल्या वारी सकाळी वजन घ्या आणि लिहा. ८५ दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञाला भेटा, ८८ होईपर्यंत लाजून घरी बसू नका. लोक हरवतात ते इथंच. वजन वाढलं की भेट टाळतात, आणि जेव्हा आधार हवा तेव्हाच तो तुटतो.

बिअरच्या मोठ्या बाटलीत अडीचशेच्या वर उष्मांक असतात, बरोबरचं तळलेलं वेगळं. दोन दिवसांचा एक दिवस करा, बाटली एकच, आणि रिकाम्या पोटी नको, कारण काही गोळ्यांबरोबर मध्यरात्री साखर घसरते. कढीतलं नारळाचं प्रमाण निम्मं करून बघा. बांगडा रवा लावून तळण्याऐवजी तव्यावर थेंबभर तेलात करा. भात निम्मा केलात तेव्हा ताटातली मासळी वाढवलीत का? नसेल तर आता वाढवा, पोट भरलेलं राहील. चालण्यात दोन दिवस ताकदीचे व्यायाम घाला, नागपूरच्या वाचकाला सांगितलेलेच. आणि उरलेल्या गोळ्यांची नावं डॉक्टरांसमोर ठेवा. ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन आणि इन्शुलिन यांनी वजन वाढतं. त्यातलं काही बदलता आलं तर काटा आपोआप हलेल.

पुढचं एचबीएवनसी तीन महिन्यांनी असेल. तो आकडा मला पाठवा, त्या दिवशीच्या वजनासकट, ते ८३ असो वा ८४.